आधी पान बघा: जुन्या पोर्सलीनवरची फुलं वाचायची कशी

जुन्या पोर्सलीनवर फूल दिसलं की बघणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: याचा अर्थ काय? मी वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला आधी दुसरंच विचारावंसं वाटतं. हे फूल कुठलं, आणि रंगवणाऱ्याकडे ते आलं कुठून? एखाद्या शुभेच्छेतून, दुसऱ्या भांड्यावरून, की छापील पुस्तकातून? शुभेच्छेतून आलेलं फूल काहीतरी सांगत असतं. भांड्यावरून भांड्यावर उतरलेलं फूल बहुतेक वेळा शोभेपुरतं उरतं. आणि पुस्तकातून आलेल्या फुलाचं फार तर नाव शोधायचं असतं. हे तीन कप्पे डोक्यात ठेवले की निम्मं काम झालं.

‘लाल गुलाब म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मत्सर’ छापाच्या याद्या मात्र आधी बाजूला ठेवा. फुलांच्या भाषेचं हे वेड युरोपात पसरलं ते १८१९ मध्ये पॅरिसला या विषयावरचं एक पुस्तक गाजलं त्यानंतर. १७४० च्या जर्मन कपाला ती यादी लावणं म्हणजे नातवाच्या पत्रिकेवरून आजोबांचं भविष्य सांगण्यासारखं आहे.

साहित्य फारसं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, बाजूने तिरका पाडता येईल असा उजेड, आणि टेबलावर जाडसर टॉवेल. झाकण असेल तर ते आधी वेगळं ठेवा. भांडं कधीही कानाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी अंगालाच धरा. अंगठ्या काढा.

पानापासून सुरुवात

चित्रकार फुलाचं कौतुक करतो. पानावर तो तेवढी कलाकुसर करत नाही, म्हणून पान सहसा खरं बोलतं. पिओनीचं फूल भरगच्च असतं, पाकळ्यांच्या कडा दुमडलेल्या. नवख्या नजरेला ते गुलाब वाटतं, कधी शेवंतीही. पण पान पाहिलं की वाद मिटतो. पिओनीचं पान मोठं, टोकांना तीन-तीन भागांत फाटलेलं. गुलाबाच्या एकाच देठावर पाच किंवा सात छोट्या दातेरी पर्णिका. शेवंतीचं पान खोल पण गोलसर कापांचं, आणि पाकळ्या अरुंद, मधल्या चकतीभोवती किरणांसारख्या पसरलेल्या.

झाडांवरच्या फुलांचं थोडं जपून. पाच गोल पाकळ्या, मध्ये केसरांचा झुबका, फूल फांदीला जवळजवळ चिकटलेलं, आणि फांदीवर पानाचा पत्ता नाही: हा प्लम. पाकळ्या टोकदार आणि सोबत लांबट पानं दिसली तर पीच. पाकळीच्या टोकाला खाच आणि लांब देठांचे घोस असतील तर चेरी, आणि मग भांडं जपानी आहे का हे तपासायला घ्या. निष्पर्ण फांदीवर पेल्यासारखं मोठं पांढरं फूल असेल तर ते मॅग्नोलियाचं.

कमळ ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही, पण चिनी कमळात एक गंमत आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कमळाची वेल गोल गोल फिरत जाते. कमळ कधी वेलीवर लागतं का? आणि तिची पानंही थाळीएवढी गोल नसून छोटी, काटेरी टोकांची असतात. अशी पानं दिसली की समजावं, चित्रकाराने तळं पाहून हे काढलेलं नाही. ही पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेली वेलबुट्टी आहे. उलट छत्रीसारखी वाकलेली गोल पानं, मधेच बियांचं भोकाभोकांचं बोंड आणि खाली पाण्याच्या दोन रेघा असतील तर ते तळ्याचं चित्र आहे. तिथे आजूबाजूला कोण आहे, हे लगेच बघायचं.

चिनी भांड्यावर शेजारी कोण आहे ते बघा

चीनमधल्या जिंगदेझेन या पोर्सलीनच्या गावातल्या भट्ट्यांतून निघालेल्या भांड्यांवर फूल क्वचितच एकटं बोलतं. जोडी पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द आहेत, आणि चित्रकारांनी त्याचा मनसोक्त फायदा घेतला. कमळाला म्हणतात ‘ल्येन’, आणि ‘लागोपाठ’ या अर्थाचा शब्दही ‘ल्येन’च. बगळा ‘लू’, वाटही ‘लू’. म्हणून तळ्यात कमळांजवळ एक बगळा उभा असेल, तर ते निसर्गचित्र म्हणून सोडून देऊ नका. सरकारी परीक्षांना बसणाऱ्याला दिलेली ती शुभेच्छा आहे: वाटेतल्या सगळ्या परीक्षा लागोपाठ पास हो. लावा पक्षी आणि शेवंती एकत्र असतील तर सुखाने एका जागी नांदण्याची इच्छा. मॅग्नोलिया, क्रॅबॲपल आणि पिओनी ही तिघं एकत्र आली तर श्रीमंत, मानमरातबाच्या घराची. पिओनी स्वतः धन आणि प्रतिष्ठेची, पण ती फुलदाणीत ठेवलेली रंगवली असेल तर त्यात शांततेची भर पडते, कारण फुलदाणी आणि शांतता या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘पिंग’.

उच्चारांच्या या खेळाशिवाय काही ठरलेल्या टोळ्या आहेत. पाइन, बांबू आणि प्लम हे हिवाळ्यातले तीन मित्र, थंडीतही न डगमगणारे. प्लम, ऑर्किड, बांबू आणि शेवंती ही चौकडी विद्वानाच्या गुणांची. पिओनी, कमळ, शेवंती, प्लम असा क्रम दिसला तर वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा, म्हणजे वर्षभराचं क्षेम. कुंपणाजवळ शेवंती आणि तिच्याशेजारी सैलसर अंगरख्यातला माणूस असेल तर तो बहुधा कवी ताओ युआनमिंग (३६५–४२७). सरकारी नोकरी सोडून गावाकडे शेवंती जपत बसलेला हा माणूस. अशा भांड्यावर शेवंतीला ‘दीर्घायुष्य’ असं एका शब्दात गुंडाळलंत तर अर्धी गोष्ट सांडेल.

फळंही मोजा. पीच म्हणजे दीर्घायुष्य, तडकलेलं डाळिंब म्हणजे पुष्कळ मुलं, आणि बोटांसारखं वाढणारं ‘बुद्धाचा हात’ नावाचं लिंबाच्या जातीचं फळ म्हणजे सौभाग्य. पीच असलेलं भांडं वाढदिवसाचं असण्याची शक्यता दाट. योंगझेंग सम्राटाच्या काळात (१७२३–१७३५) एका भांड्यावर साधारण आठ पीच काढत, छ्येनलोंगच्या काळात (१७३६–१७९५) नऊ, असं सांगितलं जातं. मी ही मोजणी करते, पण केवळ तिच्या भरवशावर काळ ठरवत नाही.

एक बरणी, जवळून

काँग्शी सम्राटाच्या काळातली (१६६२–१७२२) प्लमची बरणी हा माझा आवडता वर्ग आहे, कारण पाहण्याच्या सगळ्या सवयी तिच्यावर तयार होतात. बरणी गोल खांद्यांची. अंगभर गडद निळा रंग, त्यात वेड्यावाकड्या तडकलेल्या रेघा, आणि त्यावर पांढरी प्लमची फुलं. काही फांद्या खालून वर चढतात, काही वरून खाली लोंबतात.

भिंग लावा आणि पांढरा रंग शोधा. तो सापडणार नाही. फुलं पांढऱ्या रंगाने काढलेलीच नाहीत. भोवतीने निळा रंग भरत जाऊन पाकळीपुरतं पोर्सलीन कोरं सोडलंय, आणि केसर व कडा तेवढ्या निळ्या बारीक रेघेने काढल्यात. आता निळ्याकडे बघा. चांगल्या बरणीत तो सपाट नसतो. कुंचला कसा फिरला ते दिसतं, एकावर एक थर चढल्यामुळे काही तुकडे काळपट आणि काही पाणीदार होतात. तडकलेल्या रेघांचे कोन एकसारखे नसतात. उशिराच्या नकलांत हा निळा रंग एकसुरी होतो, रेघा विटांच्या भिंतीसारख्या शिस्तीत बसतात आणि सगळी फुलं आपल्याकडे तोंड करून उभी राहतात. जुन्या बरणीवर काही फुलं पाठमोरी असतात, काही कळ्या, काही गळून बर्फावर पडलेली.

आणि तीच खरी बातमी आहे. त्या तडका बर्फाच्या आहेत. बर्फ तडकतोय, प्लमच्या पाकळ्या त्यावर पडतायत, म्हणजे हिवाळा सरतोय. नव्या वर्षाच्या भेटवस्तूला हे चित्र शोभून दिसतं. एकोणिसाव्या शतकात या बरण्यांवर भाळलेल्या इंग्रज संग्राहकांनी मात्र या फुलाला आपल्या कुंपणावरचं हॉथॉर्न ठरवलं आणि विक्रीच्या याद्यांत ते नाव अजूनही भेटतं. हॉथॉर्नला काटे असतात आणि फुलं येतात तेव्हा भरपूर पानंही असतात. एकाने जरी पान शोधलं असतं तरी भागलं असतं!

रंगाची साक्ष

बोटाचं टोक फुलावरून हलकेच फिरवा. कोबाल्टचा निळा रंग झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतो, तिथे बोटाला काहीच लागणार नाही. लाल, गुलाबी, हिरवे, पिवळे इनॅमल रंग सहसा झिलईच्या वर दुसऱ्या, कमी आचेच्या भाजणीत बसवलेले असतात. ते किंचित उंच लागतात, आणि तिरक्या उजेडात त्यांची कड दिसते. नेहमी वापरातल्या ताटलीवर मधली फुलं सुरी-काट्यांनी झिजलेली आणि काठावरची ताजी असणं साहजिक आहे. सगळीच सारखी झिजलेली असतील तर मला शंका येते.

गुलाबी रंग हा तर कॅलेंडरच आहे. सोन्यापासून केलेला तो अपारदर्शक गुलाबी चिनी भांड्यांवर आला काँग्शीच्या अगदी शेवटच्या वर्षांत, म्हणजे १७२० च्या आसपास, आणि योंगझेंगच्या काळात बहरला. पिओनीच्या पाकळीवर गुलाबीची छटा बाहेरून आत विरत गेलेली दिसली आणि बुडाशी त्याहून फार जुन्या राजवटीचा शिक्का असला, तर शिक्क्यावर विश्वास ठेवू नका. काँग्शीच्या काळातले कारागीरही पंधराव्या शतकातल्या चेंगहुआ राजवटीचा (१४६५–१४८७) शिक्का सर्रास मारत. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पूर्वजांबद्दलचा आदरही असतो. आपण मात्र फुलाकडे बघायचं.

निळ्याची दुसरी खूण त्याहून नाजूक आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या भांड्यांसाठी बाहेरून आणलेल्या कोबाल्टमध्ये लोहाचं प्रमाण जास्त होतं. त्यामुळे रंग जिथे साचला, तिथे काळपट ठिपके झिलईतून वर आले. हे डाग अठराव्या शतकातल्या चित्रकारांना इतके आवडले की त्यांनी ते मुद्दाम काढले. फरक भिंगाखाली कळतो. आपोआप आलेला डाग तिथेच असतो जिथे कुंचला थांबला किंवा रेघेवर रेघ आली: देठाच्या वळणावर, पाकळीच्या टोकाशी. मुद्दाम काढलेले ठिपके पाकळीभर सुटे सुटे, नेमाने टेकवलेले असतात.

जपानी भांड्यांबद्दल थोडक्यातच. आरिताला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्सलीन होऊ लागलं. काकिएमॉन शैलीत दुधाळ पांढऱ्यावर फुलं एका बाजूला ढळलेली असतात आणि बरीच जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेला हात लावायची चित्रकाराला गरज वाटत नाही, हीच मोठी ओळख. सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याची खूण आहे, पण प्रत्येक शेवंती राजवाड्यातून आली असं समजू नका.

युरोपात गेल्यावर फुलाचं काय होतं

जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सलीनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला आणि पहिली काही दशकं तिथल्या चित्रकारांनी आशियाई भांड्यांवरून फुलं उतरवली. त्यांना ते ‘भारतीय फुलं’ म्हणत. भारताचा संबंध नव्हता, पूर्वेकडून जहाजातून आलेलं सगळंच तेव्हा भारतीय. इथे माझं वनस्पतिशास्त्र कामी येतं. चिनी झाड-पिओनी युरोपच्या बागांत रुजली ती १७८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि मोठ्या फुलांची शेवंती १७८९ पासून. मग १७३० च्या माइसेन फुलदाणीवर शेवंती कशी? चित्रकाराने ती झाडावर पाहिलेली नव्हती, भांड्यावर पाहिलेली होती. म्हणून देठ कुठूनही फुटतात आणि एकाच फांदीला तीन जातींची फुलं लागतात. अशा शेवंतीला ताओ युआनमिंगची आठवण नसते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे १७४० च्या सुमाराला सुरू झालेली निळी ‘कांद्याची नक्षी’. तिच्यात कांदा नाही. ती वर सांगितलेली चिनी डाळिंबं आणि पीच आहेत, युरोपच्या ताटल्यांवर उतरता उतरता कांद्यासारखी झालेली. दीर्घायुष्य आणि मुलंबाळं स्वयंपाकघरात जमा! पुढे या नक्षीच्या इतक्या नकला निघाल्या की १८८८ च्या सुमारापासून माइसेनने बांबूच्या देठाच्या पायथ्याशी आपली दोन तलवारींची खूण रंगवायला सुरुवात केली. तेव्हा ही नक्षी दिसली की बांबूचं बूड तपासा.

साधारण १७४० पासून तिथे ‘जर्मन फुलं’ आली: ट्यूलिप, गुलाब, ऑरिक्युला, युरोपच्या बागेतली. सुरुवातीची फुलं छापील चित्रांवरून घेतलेली, कडक रेघांची, आणि त्यांची सावलीही पोर्सलीनवर पडलेली दाखवलेली. सावली पडलेलं फूल दिसलं तर हाच काळ आधी तपासावा.

इथेच एक व्यवहाराची गोष्ट. ताटलीच्या कोपऱ्यात एकटीच कळी, एक माशी, एक सुरवंट दिसला तर लोक लगेच क्षणभंगुरतेवर बोलू लागतात. आधी ताटली तिरकी करून त्या माशीच्या पोटाखाली बघा. बरेचदा तिथे भट्टीत पडलेला खड्डा किंवा काळा ठिपका असतो. माइसेनमध्ये आणि लंडनच्या चेल्सी कारखान्यातही सुटी फुलं आणि किडे डाग झाकायला वापरले जात. अर्थ असलाच तर ‘माल फुकट घालवायचा नव्हता’ एवढाच.

पुस्तकातून उतरलेली फुलं

फुलाला मूळ असेल, बियांची कापलेली शेंग शेजारी काढली असेल, पान किडीने खाल्लेलं असेल, तर तिसरा कप्पा उघडा. रेगेन्सबुर्गच्या वाइनमान यांचा वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १७३७ ते १७४५ दरम्यान छापला गेला आणि माइसेनच्या चित्रकारांनी तो वापरला. त्यासाठी तरुण गेओर्ग एरेट याने शेकडो चित्रं काढली होती. पैशांवरून बिनसलं आणि तो निघून गेला. तोच एरेट पुढे इंग्लंडात नावाला आला. १७५० च्या दशकात चेल्सीच्या ज्या ताटल्यांवर भलीमोठी पानं आणि शेंगा दिसतात, त्यांतल्या काहींमागे त्याचीच चित्रं आहेत. १७५८ मध्ये जाहिरातीत त्या वैद्य आणि संग्राहक हान्स स्लोन यांच्या वनस्पतींच्या म्हणून विकल्या गेल्या. ताटलीवर ताटलीहून मोठं पान बसवण्याचा हट्ट मला फार आवडतो.

अशा भांड्याला उलटं करा. इंग्लंडातल्याच डर्बी कारखान्याच्या वनस्पतींच्या ताटल्यांवर मागे झाडाचं नाव लिहिलेलं असतं. तिथल्या कारागिरांनी १७८७ मध्ये सुरू झालेल्या कर्टिसच्या वनस्पती मासिकातली चित्रं वापरली. म्हणजे चित्राचा अंक सापडला की ताटली त्याआधीची नाही, हे पक्कं. डर्बीचे गुलाब पाहताना उजळ भाग कसा आणलाय ते बघा. आधीचे चित्रकार पोर्सलीन कोरं सोडून उजेड दाखवत. विल्यम बिलिंग्सलीने रंग भरून घ्यायचा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने पुसून उजेड काढायचा अशी पद्धत रूढ केली. भिंगाखाली अशा पाकळीची उजळ कड मऊ, विरलेली दिसते.

या वर्गाचा मेरुमणी कोपनहेगनचा फ्लोरा डॅनिका संच. १७६१ पासून खंडशः निघालेल्या डेन्मार्कच्या वनस्पतिग्रंथावरून तो १७९० मध्ये रंगवायला घेतला आणि १८०२ मध्ये थांबवला. १८०२ नग झाले, त्यातले सुमारे १५०० टिकले आहेत. बहुतेक सगळं काम योहान क्रिस्टोफ बायर या एका चित्रकाराच्या हातचं. शाही मेजवानीच्या ताटात शेवाळं आणि अळंबीसुद्धा आहेत, आणि मागे लॅटिन नाव. पण हा प्रकार १८६० च्या दशकात पुन्हा सुरू झाला आणि पुढे चालू राहिला. त्यामुळे नुसत्या लॅटिन नावाने जुनेपण सिद्ध होत नाही.

झाडांच्या प्रवासाच्या तारखांची एक छोटी यादी जवळ ठेवा. डेलिया युरोपात १७८९ मध्ये पोचली, मोठ्या गुच्छांची हायड्रेंजिया त्याच वर्षी इंग्लंडात, चिनी विस्टेरिया १८१६ मध्ये. ‘१७५५ चं चेल्सी’ म्हणून दाखवलेल्या ताटलीवर टपोरी डेलिया असेल तर हसून परत द्या.

शेवटी अंधारात अतिनील दिवा फिरवा. दुरुस्ती करताना नव्याने रंगवलेली पाकळी मूळ झिलईपेक्षा वेगळी चमकते, कधी मळकट ठिगळासारखी दिसते. फुटलेल्या भांड्यावर दुरुस्त करणाऱ्याने प्लमच्या फांदीला पानं काढून दिली असतील, तर पहिल्या पायरीवर तुम्ही पीच ठरवून मोकळे झाला असाल. म्हणून नोंदवहीत तीन रकाने आखा: झाड कुठलं आणि कोणत्या पानावरून ओळखलं, फूल कुठून आलं, आणि कोणता भाग नंतर रंगवलेला. अर्थाचा रकाना चौथा ठेवा. तो बऱ्याच भांड्यांना रिकामाच राहील, आणि राहू द्यावा.